पेन काढून घेणारे हटवार सर

हटवार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात भूगोल शिकवत होते. फोन ठेवला आणि पुढचं वाक्यच सुचेना. मुलींना म्हटलं, आज इथंच थांबू या... त्याला आता महिना होत आला. सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी आज भूगोल शिकवते ती त्यांच्यामुळे. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

बारावीला मार्क बरे पडले म्हणून मी बीएस्सीला गेले. आमच्या एकोडी गावात मार्क बरे म्हणजे सायन्स, त्यात विचारायचं काय! महिन्याभरात मी रडकुंडीला आले. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची. सरांनी ते हेरलं. रागावतील वाटलं, तर जवळ येऊन म्हणाले, "पोरी, तू सायन्सले काहून आलीस?" मग त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

ही त्यांची रीतच होती. कोणता विषय घ्यावा हे ज्याला कळत नसे, त्याचा पेन सर काढून घेत, टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात ठेवत आणि त्याला आठवडाभर इतरांच्या तासांना पाहुणा म्हणून धाडत. "पावना लिवत नाही, नुसता आयकते. कोनत्या तासाले पेन आठवला, तेवढं येऊन सांग." कुणी राज्यशास्त्रात रमला, कुणी फिरून रसायनातच आला. बाकीचे प्राध्यापक चिडवायचे, "सर, तुम्ही तं स्वतःचाच वर्ग खाली करून राहिले!" सर हसून सोडून द्यायचे. पालक मात्र भडकायचे आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं, कारण विषय बदलायची मुदत कुणासाठी थांबत नाही.

माझ्या पाहुणचारात भूगोलाच्या तासाला आपल्याकडचे जुने तलाव चालू होते. वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात कसं उतरतं, तिथून शेतांत कसं शिरतं... तलावाच्या ज्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी लहानपणी बोरं वेचली, तिच्यामागे कुणाचं एवढं डोकं होतं हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारणीचा पेन ओढून घेतला. वही नव्हती, म्हणून तळहातावरच नकाशा काढला. सरांनी तो निळा हात पाहिला आणि माझा पेन परत दिला.

घरी मात्र बाबा कडाडले. "सायन्स सोडलं तं शिक्षन बंद. मंग रोवणीलेच ये." आणि खरंच, दुसऱ्या सकाळी मी भाताची रोपं लावायला चिखलात. मुदत संपत आली होती. कुणाकडून कळलं कोण जाणे, सर कॉलेजच्या कपड्यांत, चपला हातात घेऊन आमच्या बांधीवर, भाताच्या शेतावर, हजर! वाटलं, आता बाबांची समजूत घालतील. ते धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बसले आणि मलाच म्हणाले, "तुहा तलाव सांग बाबाले."

मी सांगत सुटले. आमच्या बांधीत पाणी कोणत्या तलावातून येतं, वाटेत पाट कुठं बुजलाय, म्हणून शेवटच्या बांध्या कशा कोरड्या राहतात... बाबांच्या हातातली भाताच्या पऱ्ह्यांची जुडी तशीच राहिली. "शेवटची बांधी आपलीच हाये," ते म्हणाले. जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या जा कॉलेजात." सरांनी चहासुद्धा घेतला नाही, त्यांचा तास होता.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. सर अंथरुणाला खिळले होते, बोलणं तुटक झालं होतं. "काय शिकवून राहिली?" एवढंच विचारलं. आंबागडच्या डोंगरावरचं पाणी खाली कुठकुठं जातं ते मी विद्यार्थ्यांना शोधायला लावलं होतं, तेच सांगू लागले. सर डोळे मिटून पडले होते. झोप लागली असं वाटून मी थांबले. तेवढ्यात त्यांचा हात पुढे आला.

"पेन दे वं."

मी दिला. वाटलं, जुनी सवय, काढून घेतायत. पण सरांनी टोपण काढलं आणि स्वतःच्या तळहातावर एक वाकडी रेघ ओढली. "डोंगर इथं. पानी कोनीकडं गेलं?" मला रडू आवरेना. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आत आल्या आणि म्हणाल्या, आता आराम करू द्या त्यांना.

फार आठवण येते सरांची. परवा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी तो पेन परत करायला काढून ठेवला होता. निवृत्तीनंतर घरी आणलेला स्टीलचा पेला खिडकीत तसाच आहे. पेन मी घेतला नाही, त्या पेल्यात ठेवून आले. पाणी कोणीकडे गेलं, ते सरांना सांगायचं राहूनच गेलं.