बिनकामाचा पगार

"नारळ परत केलास? हाजराच्या घरात, सगळ्या बायकांसमोर?" यूनुसचा हात ताटातच थांबला. "भर हळदीत तिच्या दिराला कंजूष म्हणालीस, आणि वर नारळ नाकारलास!"

"मला आधीच पैसे मिळतात ना," मुबीना नवऱ्याला म्हणाली. "दोन्हीकडून कसं घ्यायचं? ते हलाल होईल का?"

"ते पैसे हाजरा देते?"

"नाही."

"मग?"



पनवेलच्या त्यांच्या मोहल्ल्यात हळदीची गाणी म्हणजे मुबीना, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. गाणं त्या घरापुरतं नवं बांधायचं. नवरदेवाच्या मामाचं टक्कल, आत्याचा तोरा, सगळ्यांची नावं घेऊन खिल्ली उडवायची. शेवटी यजमानीण ओटीत नारळ घालते. नारळ घेतला की बोललेलं सगळं माफ. नाही घेतला, तर टोमणा खराच होता असा अर्थ. हे मुबीनाला कोणी शिकवायला नको होतं. तरी ती चुकली, कारण डोकं दुसरीकडे होतं.

झालं असं की, गाणी रेकॉर्ड करायला मुंबईच्या एका संस्थेची दिपिका नावाची मुलगी आली होती. तिने मुबीनाचं नाव कुठेतरी दिलं, आणि खात्यात दरमहा पैसे यायला लागले. दोन वर्षं येणार होते.

"किती गाणी द्यायची?" मुबीनाने फोनवर विचारलं होतं.

"एकही नाही दिलंत तरी चालेल, मावशी."

हे मुबीनाला लागलं. गाणी नकोत, तर पैसे कशाचे?

"खैरातीचे," यूनुस म्हणाला होता. कुवेतमध्ये उमेदीची वर्षं घालवून त्याने हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. "आपण जकात देणारी माणसं. घेणारी कधी झालो?"

"अब्बा, खैरात नाही ती," सून सायमाने समजावलं होतं. "बेसिक इन्कम म्हणतात. कामाचे नाही, कलाकाराला जगायला देतात."

"आत्तापर्यंत मी जगत नव्हते का?" मुबीना म्हणाली होती.



मग मुबीनाने आपल्यापुरता मार्ग काढला. पैसे येतात तर काम दिसलं पाहिजे. बोलावणं आलं की जायचं, ओळख असो नसो. ओवे गावाला गेली, उरणला गेली. भाकऱ्या थापता थापता घाईघाईत गाणी जुळवायची. ओळ जमली तर भाकरी करपायची, भाकरी फुगली तर ओळ निसटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाजराकडे गेली. हाजरा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने दार उघडलं, पण ये म्हणाली नाही.

"तो नारळ दे," मुबीना म्हणाली.

"का? मुंबईवाल्यांनी पगार बंद केला?"

"नाही गं. मला काही समजेनासं झालंय."

"समजायचं काय त्यात? पैसे त्यांचे, दीर माझा, नारळ माझा. तू सगळं एका पातेल्यात घातलंस." हाजराने नारळ आणून तिच्या ओटीत घातला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? दीर नारळासाठी नाही रुसला. कंजूषवाली ओळ तू नेरे गावच्या लग्नात म्हटलेलीस. त्याने तिथेच ऐकली होती. म्हणाला, माझ्यासाठी नवीन शिवीसुद्धा नाही हिच्याकडे?"

मुबीनाला हसू आलं नाही. एकाच्या नावाची ओळ दुसऱ्याला लावणं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. परतताना ती मटण मार्केटशी थांबली आणि मटण न घेताच पुढे गेली. पैसे नव्हते तेव्हा गाणी नवी होती. पैसे आले आणि गाणी शिळी झाली. मग दोष पैशाचा म्हणायचा, की तिने त्यांच्यासाठी केलेल्या धावपळीचा? पैसे परत केले तर धावपळ थांबेल, पण भाकऱ्या थांबणार नव्हत्या. नक्की काय ते तिला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

दुपारी यूनुस दुकानातून आला. सायमा ताटं मांडत होती.

"बसायच्या आधी ऐका," मुबीना म्हणाली. "ते पैसे मी ठेवतेय. कशाचे आहेत ते मला अजून कळलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. सोमवारपासून स्वयंपाक सुकापूरची जनी करेल, तिचा पगार त्यातून. जुहरच्या नमाजनंतर मी वरच्या खोलीत गाणी बांधत असेन. कोणी हाक मारायची नाही."