फोरमनचा आवाज

देवानं फोरमनला धिप्पाड देह दिला, पण गळा मात्र घाईघाईत बसवला. तोंड उघडलं की पितळी घंटीसारखा बारीक आवाज निघे. फोनवर तर हटकून ऐकावं लागे, "ताई, जरा साहेबांना बोलवता का?" कारखान्यातले पाचही कारागीर तेव्हा लेथवर मान खाली घालून खांदे हलवत हसत.

या दुखण्यावर त्यानं औषध शोधलं होतं. झुपकेदार मिशा, आणि बायकांवर तोंडसुख. "बायकांना मापातलं काय कळतं?" हे वाक्य तो दिवसातून तीनदा म्हणे. घरी हाच गडी कणीक मळायचा, बायकोचं डोकं चेपून द्यायचा. फक्त आधी खिडकी लावून घ्यायचा.

अशात मालकानं लेथ चालवायला नवी टर्नर आणली. चाळिशीची, ठेंगणी बाई. कारागीर फोरमनच्या तोंडाकडे पाहू लागले. आता गप्प बसलं तर अब्रू जायची! त्यानं तिला सगळ्यांत अवघड शाफ्ट कातायला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघू, बाईचा हात किती चालतो!"

"चालेल की," ती म्हणाली.

सगळे चपापले. आवाज असा, की रिकाम्या पिंपात कुणी दगड लोटावा.

दुपारी फोन वाजला. फोरमननं उचलला.

"ताई, माल कधी निघतोय? साहेबांना द्या बघू."

त्याचे कान लाल झाले. मागे खांदे हलू लागले. तेवढ्यात बाईनं हात पुसत रिसीव्हर घेतला. "बोला."

पलीकडचा एकदम नरमला. "नमस्कार साहेब! सावकाश द्या, घाई नाही."

तिनं फोन ठेवला. "तुम्हाला ताई म्हणाला?"

"रोजचंच आहे," फोरमन पुटपुटला.

"मला वीस वर्षं साहेब म्हणतात. लग्न ठरताना सासूनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि मुलीच्या भावाशी बोलणं झालं म्हणून गावभर सांगितलं. आठ दिवस मी माझाच भाऊ होते."

फोरमनला हसू आवरेना. त्या बारीक आवाजात तो असा खिंकाळला, की कारागिरांनी मशिनं बंद केली. लोकांदेखत तो पहिल्यांदाच पोटभर हसला होता, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

मग त्यानं तिनं कातलेला शाफ्ट मोजला. एकदा, दोनदा, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. केसाइतकाही फरक नव्हता.

"तुक्का लागला," एक कारागीर म्हणाला.

फोरमनच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलंच होतं. पाचही जण त्याचीच वाट पाहत होते. त्यानं शाफ्ट खाली ठेवला.

"तुझा मागच्या आठवड्यातला शाफ्ट भंगारात गेला," तो म्हणाला, "तेव्हा का नाही रे लागला तुक्का?"

तो लगेच संत झाला असं नाही. चिडला की जीभ घसरायची, मग एकटाच चडफडायचा. पण महिन्याभरानं मोठं मशीन कुणाला द्यायचं, असं मालकानं विचारलं तेव्हा त्यानं बाईचं नाव सांगितलं. कारागीर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत काम फार झकास झालं, असं त्यानं बायकोला सांगितलं.