चवीची वही

"पळीले हात नको लावू. तिथूनच सही कर."

हे वाक्य माझ्या मायला म्हटलेलं आहे. शाळेच्या व्हरांड्यात, भर सकाळी, सगळ्या पोरांसमोर. मी तिसरीत होते.

शाळेत खिचडी शिजायची. पोरांना वाढण्याआधी पालकांपैकी कुणीतरी ती चाखायची आणि एका वहीत लिहायचं, असा नियम होता. चवीची वही. तारीख, काय शिजलं, चव कशी, खाली सही. शाळेच्या समितीत आमच्या वस्तीतलं एक नाव घालावंच लागत होतं, म्हणून मायचं घातलं. माय तेव्हा नुकतीच सही शिकली होती, माझ्याच पाटीवर गिरवून गिरवून. पहिल्या दिवशी ती धुतलेलं पातळ नेसून, केसांना तेल लावून आली. तिला खरंच वाटलं होतं की आपल्याला चव बघायला बोलावलंय.

तिनं खिचडीच्या पातेल्याजवळ, गंजाजवळ, जाऊन पळी उचलली. बस, एवढंच.

समितीचे अध्यक्ष खुर्चीवर बसले होते. त्यांनी ते वाक्य म्हटलं. आवाजही चढवला नाही. मग खिचडी शिजवणाऱ्या बाईकडे बघून म्हणाले, "टाक ते बाहीर. ढोरायले."

गंज उपडा झाला. वाफाळती पिवळी खिचडी शाळेमागच्या उकिरड्यावर गेली आणि त्या दिवशी सगळी शाळा उपाशी राहिली. पोरांनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांकडे कुणीच नाही. माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, "तुह्या मायनं आमचं जेवण बाटवलं." मला लाज वाटली. कुणाची, तेही सांगते. अध्यक्षांची नाही, मायची. कशाला आली ही? कशाला हात लावला? आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

वहीत त्या दिवशी लिहिलं गेलं, 'चव चांगली'. खाली मायची सही. उकिरड्यावर पडलेल्या खिचडीची चव चांगली होती म्हणे.

त्यानंतर वहीच फाटकाशी यायची. माय मजुरीला जाता जाता थांबायची, सही करायची, चालू लागायची. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचे आणि कुणी मला बघत नाही ना, तेही बघायचे. चौथी झाल्यावर मला वाशिमला वसतिगृहात टाकलं. मी सुटले, असं मला वाटलं.

आता मी मंगरूळपीरला राहते, एका किराणा दुकानाच्या माडीवर. खोली देताना मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कोणत्या अंगाला आहे ते. जात विचारताहेत हे ओळखून मी म्हटलं, "उन्हाच्या अंगाला." खोली दिली. का दिली, याचा मी अजून विचार करते. माझा स्वभावच संशयी झालाय. कुणी कौतुक केलं की मी आधी माझं काही गेलं नाही ना, ते चाचपून बघते.

काम पुण्यातल्या एका कंपनीचं आहे, इथूनच करते. आम्ही खोटी यंत्रं बनवतो. म्हणजे ना लोखंड, ना तार, नुसतं सी भाषेतलं कोड. पण त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं की आपल्याखाली खरीच डिस्क आहे, खरंच नेटवर्कचं कार्ड आहे. कुणाच्या दवाखान्यातल्या नोंदी अशा खोट्या डिस्कवर असतात, कुणाच्या गोदामातला साठा. डिस्क खोटी असली तरी नोंदी खऱ्या असतात. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेलं कोड तपासायचं. चार वर्षं तेच करतेय.

आमच्याकडे एक रिवाज आहे. कोडमधल्या प्रत्येक बदलाखाली तो तपासणाऱ्यांची नावं कायमची लिहिली जातात. दोन नावं लागतात, त्याशिवाय बदल आत जात नाही. आणि एकदा आत गेला की ते नाव खोडता येत नाही.

अनिरुद्ध आमच्या टीमचा प्रमुख. पुण्याचा, गोड बोलणारा, सगळ्यांना 'अरे', 'अगं' करणारा. त्यानं स्वतः एक बदल लिहिला. आमच्या खोट्या डिस्कवर लिहिणं फसलं तर काय करायचं, याची एक सेटिंग होती. तिला ठरलेले दोनच पर्याय होते. रिपोर्ट, म्हणजे वर कळव. आणि स्टॉप, म्हणजे यंत्र जागच्या जागी थांबव. अनिरुद्धनं तिसरा पर्याय आणला. इग्नोर, म्हणजे दुर्लक्ष कर आणि पुढे चल. तोही कुणाला लागतो, त्याबद्दल माझं म्हणणं नव्हतं. पण त्यानं तो दोघांच्या मधे घातला. स्टॉप सगळ्यात कडक, म्हणून तो शेवटी शोभतो म्हणे. यादी कशी पायरीपायरीनं दिसते!

दिसते खरी. पण अशा यादीतल्या प्रत्येक शब्दामागे सी भाषा एक आकडा धरते. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक, असं. आणि गिऱ्हाईक आपलं चालू यंत्र जतन करून ठेवतं, तेव्हा आमच्या कोडमध्ये शब्द नाही, तो आकडा जतन होतो. काल स्टॉप म्हणजे एक होता. आज मधे कुणीतरी घुसलं, स्टॉप दोनवर सरकला आणि एक म्हणजे इग्नोर झाला. कालचं जतन केलेलं यंत्र आज उठेल, एक वाचेल, आणि डिस्कवर लिहिणं फसलं तरी गुमान पुढे जाईल. नोंदी जातील आणि कुणाला कळणारही नाही.

नव्यानं आलेल्यानं शेवटी उभं राहावं, हे मला आयुष्यात कधी पटलं नाही. पण इथं तेच बरोबर होतं, आणि मी तसं लिहिलं. नवा पर्याय शेवटी घाला, नाहीतर जुनी यंत्रं चुकीचं वाचतील.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये आम्ही आठ जण होतो. अनिरुद्ध हसून म्हणाला, "अगं, तू स्पेलिंग, मोकळ्या जागा वगैरे बघ ना. डिझाइनचं टेन्शन नको घेऊस. तुमच्या बॅकग्राउंडच्या लोकांना ते जरा जड जातं."

तुझ्या नाही. तुमच्या.

पडद्यावर आठ चौकटी. एकात तो हसत होता, एकात मी होते. एकीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मी काय केलं? मी म्हटलं, "ओके." माझ्या तोंडून ओकेच निघालं. त्या ओकेचा राग मला अनिरुद्धच्या हसण्यापेक्षा जास्त आहे.

शुक्रवारी तो बदल पुन्हा समोर आला. सोमवारी दुपारी आत जाणार होता. त्यात एक अक्षर बदललेलं नव्हतं. माझ्या शेऱ्यावर त्यानं 'सोडवलं' असा शिक्का मारून तो बंद केला होता. आणि खाली तपासणाऱ्यांची दोन नावं. पहिलं त्याच्या मित्राचं. त्यानं चार मिनिटांत 'मस्त' लिहिलं होतं. दुसरं माझं.

मी अनिरुद्धला फोन केला. म्हटलं, मी होकार दिलेला नाही.

"अगं, तू बघितलंसच की! कमेंट आहे ना तुझी? क्रेडिट मिळतंय तर घे. पुढच्या महिन्यात तुझं अप्रेझल आहे, मी तुझ्यासाठीच करतोय."

स्पेलिंग बघणाऱ्या बाईचं नाव याला डिझाइनखाली कशाला हवं? मला वास आला. कसला, ते कळेना. आणि खरं सांगते, शनिवारभर मी मनाला समजावत होते की जाऊ दे. नोकरी त्याच्या हातात. मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. माझ्यासारखीला इथं बसून असं काम परत कोण देणार?

रविवारी माय आली. शेलूबाजारपर्यंत जीपनं, पुढे बसनं. सोबत पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा. सोलत बसली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काहून अशी बसून राह्यली?"

मी तिला सांगितलं. यादीतलं, आकड्यातलं नाही. एवढंच की मी नाही म्हटलेल्या कामाखाली माझं नाव घातलंय.

तिचे हात थांबले.

"वहीसारखं," ती म्हणाली.

"हाव."

"मंग पुढचं तुले माईत नाही. तू वसतिगृहात होती. एक दिवस खिचडी खाऊन पोट्टे वकले. तालुक्याहून सायेब आला. अध्यक्षानं वही काढली अन् माह्यासमोर धरली. म्हने, हे बाई चाखते रोज. पाहा, सही हाय."

"तू सांगतलं नाही त्याले? का तुले गंजाजवळ येऊच देत नाहीत म्हणून?"

"सांगतलं ना. सायेब म्हने, मंग सही काहून केली?"

तिनं एक शेंग उचलली, तशीच हातात धरली.

"त्याचं उत्तर मले आजपावतर नाही भेटलं. मले समितीतून काढलं. गावात वर्षभर बाया म्हनत, हेच ते पोट्ट्यायले बाधवनारी. तुले सांगतलं नाही. तुले आधीच माही लाज वाटे."

तिला माहीत होतं! मी खिडकीतून कशी बघायचे, ते तिला माहीत होतं. मला रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. अनिरुद्ध माझं नाव का घालतोय, ते उघड होतं. आज ना उद्या कुणाच्या तरी नोंदी जाणार, आणि त्या दिवशी तपासणाऱ्यांच्या नावांची यादी उघडली जाणार. तपासलं कुणी? तिनं. तिच्या बॅकग्राउंडच्या लोकांना जरा जडच जातं. त्यानं इतका लांबचा विचार केला होता का? नसेलही. अध्यक्षांनी तरी कुठे केला होता! असल्या माणसांना विचार करावा लागत नाही, त्यांचा हात आपोआप आपल्या सहीकडे जातो.

सोमवारी सकाळी मी जुन्या कोडवर एक खोटं यंत्र चालवलं, सेटिंग स्टॉप ठेवली आणि ते जतन केलं. मग तेच यंत्र अनिरुद्धच्या बदलावर उठवलं. सेटिंग वाचली. इग्नोर. तीनदा केलं, तिन्ही वेळा इग्नोर.

मग सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, बदलाच्या खालीच, लिहिलं: "मी या बदलाला होकार दिलेला नाही. माझं नाव मला न विचारता घातलं आहे, ते काढा. माझा शेरा न सोडवता बंद केला आहे. या बदलानं जुन्या यंत्रातला स्टॉप इग्नोर होतो. चाचणी जोडली आहे, कुणीही चालवून बघावी."

पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं.

दहा मिनिटांत अनिरुद्धचा फोन. "हे सगळ्यांसमोर कशाला? मला पर्सनली सांगायचंस ना."

म्हटलं, "सांगितलं होतं. तुम्ही सोडवलं म्हणून बंद केलंत."

बदल थांबला. माझं नाव निघालं. इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण दोन दिवसांनी त्याच्या मित्रानं नवा बदल पाठवला. इग्नोर शेवटी. वर लिहिलं होतं, 'अनिरुद्धच्या लक्षात आल्याप्रमाणे'. आणि मला डिस्कच्या कामावरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'टीममध्ये मिसळत नाही'.

नाही मिसळत.

काल टीममधल्याच एकाचा निरोप आला. माणसं कमी पडताहेत, नेटवर्कच्या कार्डात नवी सेटिंग आहे, 'पटकन तुझं नाव टाक ना, जेवणाआधी पाठवायचंय'. मी बदल उघडला. भला लांब. उत्तर दिलं, "पहिल्या ओळीपासून वाचणार. नाव त्यानंतर, पटलं तर." मी वाचतेय.

उद्या हेही काम काढून घेतील. घेऊ देत. पण माझा हात पळीला लागल्याशिवाय माझी सही कुणाला मिळणार नाही. माझा हात लागला म्हणून त्यांनी गंज उपडा केला, तर करू देत. त्या दिवशी वहीत 'चव चांगली' येणार नाही. गंज कुणी उपडा केला, ते येईल. आणि त्याखाली मी सही करीन.