टनभाऊंचं निव्वळ वजन

ट्रकच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक टनभाऊ म्हणू लागले तर नवल नाही. नाव ड्रायव्हरांनी ठेवलं. टनांत वजन करतात म्हणून, असं ते तोंडावर सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. टनभाऊ खुर्चीतून उठले की खुर्चीही त्यांच्यासोबत दोन पावलं चालायची.

पण कामात माणूस बावनकशी. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी गाडी पुन्हा घ्यायची, दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. एवढं सोपं काम. पण ड्रायव्हर मंडळी काय कमी बिलंदर? गाडी भरलेली असताना स्वतः आत ठाण मांडून बसायचे, पाण्याचे डबे काठोकाठ भरून आणायचे. रिकामी गाडी आली की हळूच खाली उतरून बाजूला उभे, डबे कोरडे ठणठणीत. म्हणजे ड्रायव्हर आणि पाणी, दोन्ही मालात धरलं जायचं! टनभाऊ खिडकीतून एकच आरोळी ठोकायचे, "उतर खाली!" भले भले ड्रायव्हर शाळेतल्या पोरासारखे उतरायचे. बावीस वर्षांत एक किलोसुद्धा खोटा गेला नव्हता.

असा हा माणूस स्वतःच्या वजनापुढे मात्र चारी मुंड्या चीत.

खरा प्रश्न वजनाचा नव्हताच, बायकोच्या झोपेचा होता. टनभाऊंचा श्वास झोपेत मध्येच थांबायचा. थांबला की बायको त्यांच्या बरगडीत बोट खुपसायची, मग घर्रर्र करून गाडी पुन्हा सुरू. डॉक्टरांनी नाकावर लावायला यंत्र दिलं होतं. ते हा गृहस्थ अर्ध्या झोपेत ओढून पलंगाखाली टाकायचा. म्हणे, यंत्राने गुदमरल्यासारखं होतं! बायकोच्या बोटाने काही गुदमरत नव्हतं, कारण जागरण बायकोचं होतं. चार वर्षं ती बाई रात्री पहारा द्यायची आणि दिवसा भाजी चिरता चिरता पेंगायची. एकदा बोटच कापून घेतलं, तेव्हा मात्र तिने नवऱ्याला धरून इस्पितळात नेलं आणि सर्जनना सांगितलं, "यांचं पोट कापा, शिवा, काय हवं ते करा. पण एक दिवस हा माणूस झोपेतून उठायचाच नाही, या भीतीने मी जगू शकत नाही."

सर्जन शांत माणूस. त्यांनी चित्र काढून दाखवलं. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल ते केळ्याएवढं. त्यानंतर जन्मभर थोडं थोडं, चावून चावून खायचं, रोज गोळ्या घ्यायच्या, चालायचं. "ही जादू नाही," ते म्हणाले. "निम्मं काम मी करीन, निम्मं तुम्ही. आणि तुमचं निम्मं आधी सुरू होतं. यकृत चरबीने सुजलंय आणि ते बरोबर जठरावर पसरलंय. ते आकसलं नाही, तर मला आत हात घालायला जागाच नाही. उचलायला गेलो आणि फाटलं, तर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतील. तीन आठवड्यांत निदान पाच किलो उतरवा."

आहाराचं बघणाऱ्या बाईंनी एक वही दिली. जे खाल ते लिहायचं, लपवायचं नाही. मग वजन घेतलं. नियम माहीत नव्हते म्हणा किंवा काट्यापुढे उभं राहिल्यावर काही वेगळीच बुद्धी सुचली म्हणा, टनभाऊ तसेच चढले. पायांत कामावरचे जाडजूड बूट, अंगात जाकीट, खिशात दोन फोन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि पोटात नुकतंच बाहेर प्यालेलं बाटलीभर पाणी. आकडा पाहून बाई च्‌च्‌ करत राहिल्या. टनभाऊंना आत कुठेतरी बरं वाटलं. आता ही शिल्लक पुढे कामाला येणार होती.

घरी बातमी पसरली आणि नातेवाइकांच्या मायेला ऊत आला. थोरल्या ताईने पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं. "अरे, पुढे केळ्याएवढं पोट राहणार तुझं! आत्ता नाही खाणार तर कधी?" असं म्हणून तिने अख्खी कोंबडी समोर ठेवली. मेव्हण्याने केक आणला. त्यावर 'लवकर बरे व्हा' असं लिहिलं होतं, तेही साखरेने! शेजाऱ्यांनी खीर पाठवली, कामावरच्यांनी निरोपाची पार्टी दिली. टनभाऊ कुठे बदलीवर चालले होते कोण जाणे. आणि हेच सगळे लोक हात धुता धुता सांगायचे, "ऑपरेशन कशाला हवंय? मनावर घेतलं की झालं. तोंडावर ताबा पाहिजे, बस्स."

वहीत मात्र सगळं आबादीआबाद होतं. सकाळी उकडलेलं अंडं. दुपारी वाटीभर सूप. संध्याकाळी काकडी. कोंबडीचं काय? ती ताईच्या आग्रहाची, आपल्या भुकेची नव्हे, म्हणून लिहायची नाही. केक उभ्याने खाल्ला, तो जेवणात कसा धरायचा? नातवाच्या ताटातलं उरलेलं संपवलं, ते खाणं नव्हे, ती आवराआवर. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणारा माणूस स्वतः करायला बसला तर त्याला कोण पकडणार?

तीन आठवड्यांनी टनभाऊ इस्पितळात गेले ते सपाता घालून, पातळ सदऱ्यात, खिसे रिकामे, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. काट्यावर चढले. साडेपाच किलो कमी!

"शाबास!" बाई म्हणाल्या. त्यांनी टनभाऊंचा तक्ता छापून भिंतीवर लावला. दुसऱ्या रुग्णांना बोट दाखवून सांगू लागल्या, "यांच्याकडे बघा. याला म्हणतात निश्चय." एका लठ्ठ बाईने तर टनभाऊंचा हात हातात घेऊन विचारलं, "दादा, तुम्हाला मोह होत नाही?" टनभाऊ गंभीरपणे म्हणाले, "होतो. पण आवरतो." आठ दिवसांनंतरची तारीख ठरली.

त्याच आठवड्यात काट्यावर एक जुना ड्रायव्हर सापडला. भरल्या गाडीत दोन माणसं चादर पांघरून झोपवली होती. टनभाऊंनी आकाशपाताळ एक केलं. ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "जाऊ द्या ना टनभाऊ. कागदावर आकडा बरोबर बसला की झालं. आत उघडून कोण बघतंय?"

आपल्याला तर आत उघडूनच बघणार आहेत, हे टनभाऊंना पहिल्यांदा नीट कळलं. त्या दिवशी त्यांना घास उतरला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. उतरला, चांगला दोनदा उतरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. इस्पितळाच्या बोळात दोघं बाकावर बसले. बायकोने आठवडाभर सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, "साडेपाच किलो! माझ्या माणसाने करून दाखवलं." आता ती भिंतीला टेकून भर दुपारी गाढ झोपली होती. समोर भिंतीवर टनभाऊंचा तक्ता. टनभाऊ त्याच्याकडे बघत बसले. आत गेल्यावर सर्जन ते यकृत उचलणार. उचललंच गेलं नाही तर? फाटलं तर? या विचारात त्यांचा श्वास नकळत रोखला गेला.

तशी शेजारून बरगडीत बोट बसलं.

टनभाऊंनी दचकून पाहिलं. बायको झोपलेलीच होती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि ते कापल्याचा वण असलेलं बोट त्यांच्या कुशीत. टनभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्याशी आपण काय वागलो! ते उठले, आतल्या आहाराच्या बाईंसमोर गेले आणि वही टेबलावर ठेवली.

"बाई, भिंतीवरचा तो कागद काढा. पहिल्या वजनात बूट होते, जाकीट होतं, किल्ल्या होत्या, पाणी होतं. गाडीत ड्रायव्हर बसलेला होता. माल एक किलोसुद्धा उतरलेला नाही."

बाईंना ड्रायव्हरचं काही कळलं नाही, बाकीचं सगळं कळलं. सर्जन आले. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते नुसतेच खुर्चीत बसले. "उद्या टेबलावर कळलं असतं मला," ते हळूच म्हणाले. "आज सांगितलंत, बरं केलंत." अनवाणी, रिकाम्या खिशांनी पुन्हा वजन घेतलं गेलं आणि तारीख एक महिना पुढे गेली.

बायकोला उठवून सांगितलं तेव्हा तिने आधी आपलं ते वण असलेलं बोट पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे अजून एक महिना माझं बोट." आणि रडली. टनभाऊंना शिवी चालली असती, हे रडणं सोसवलं नाही.

त्या रात्रीपासून नाकावरचं यंत्र चढलं. गुदमरलं तरी चढलं. ताईचा फोन आला, "रविवारी येतोस ना? तारीख पुढे गेली म्हणे, देवच पावला!" बायकोने फोन हिसकावून घेतला आणि ताईला काय सांगितलं ते इथे छापता येणार नाही. वहीत पहिल्यांदा खरं लिहिलं गेलं. एके दिवशी तर 'बिस्किटं, चार, चोरून' असंही लिहिलं.

महिन्याने पुन्हा तोच बोळ. आत जाण्याआधी बायको दारात आडवी उभी राहिली. "किल्ल्या. फोन. दुसरा फोन. बूट." एकेक वस्तू तिने पिशवीत टाकली. "आता चढा." आकडा सव्वासहा किलोंनी उतरला, खराखुरा. सर्जननी पोटाची सोनोग्राफी पाहिली आणि मान डोलावली. ऑपरेशन उद्या.

टनभाऊ अनवाणी बाहेर आले. सांगायला तोंड उघडलं, तर बायको बाकावर झोपलेली, मांडीवर बुटांची पिशवी, उजवं बोट अर्धवट उचललेलं. टनभाऊ हळूच तिच्या शेजारी बसले आणि मोठमोठ्याने श्वास घेऊ लागले. नाकातून घुर्र, तोंडातून हुश्श. येणारे-जाणारे वळून बघू लागले. नर्स धावत आली, "काका, काही होतंय का?" त्यांनी हातानेच तिला गप्प राहायला सांगितलं आणि तसेच श्वास घेत राहिले. हळूहळू ते बोट खाली आलं आणि पिशवीवर टेकलं.