इकोच्या खोलीतलं हसू

इकोच्या खोलीत बाबा डाव्या कुशीवर निजले होते आणि शेजारच्या पडद्यावर त्यांचं हृदय उघडझाप करत होतं. त्याची एक भिंत आकसताना जरा मागे राहत होती. हृदयाच्या स्नायूंचं हेच दुखणं मी प्रयोगशाळेत कित्येक वर्षं शोधतेय. इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मला शाळेतून यायला उशीर झाला की धडधडणारं हे हृदय, आणि मी ते नमुना म्हणून बघत होते. शोधायची सवय लागलेल्या डोळ्यांना आपलं माणूस इतकं उशिरा दिसतं?

बाबांनी मान वळवली. "हसतेयस, म्हणजे ठीक आहे ना गं सगळं?"

"हो," मी म्हटलं. मग ते हसू मला तपासणी संपेपर्यंत तसंच चेहऱ्यावर ठेवावं लागलं.