तिन्ही ठसे

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बोईसरच्या कारखान्यातले जुने सोबती भेटले की सर्व्हर सांभाळणाऱ्या जगनचा विषय निघतो, सगळे हसतात, आणि मी चहा सांगायला उठतो.

हसतात ते त्याच्या पद्धतीला. आमचा सर्व्हर कारखान्यात, ऑफिस पालघरला. नवा कॉम्प्युटर सर्व्हरला पहिल्यांदा जोडला की पडद्यावर अक्षरांची लांब ओळ येते. तो सर्व्हरच्या किल्लीचा, म्हणजे त्याच्या गुप्त डिजिटल खुणेचा, ठसा. सर्व्हर खरा आहे का, हे त्यावरून ओळखायचं. लोक न वाचताच होकार देतात. जगन देऊ देत नसे. एकाने सर्व्हरसमोर बसून फोनवर ठसा वाचायचा, दुसऱ्याने अक्षर न् अक्षर ताडायचं. "मोठा आर का लहान? नीट बोल, जेवलास ना?"

त्यात सर्व्हरला तीन प्रकारच्या किल्ल्या, प्रत्येकीचा ठसा वेगळा. जोडणारा कॉम्प्युटर ज्या प्रकारची मागेल, तिचाच ठसा त्याला दिसतो. जगन बजावायचा, "तिन्ही वाच, प्रकार सांगून वाच. नायतर समोरचा दुसराच ठसा बघेल आन बोंब मारेल."

"लग्नाआधी बायकोचा ठसा ताडलास का रे?" आम्ही चिडवायचो.

"तिनं माझा ताडला. अजून होकार दिला नाय."

मुलीच्या साखरपुड्यासाठी तो किनाऱ्यावरच्या नवापूरला घरी गेला होता, त्या दिवशी सर्व्हरसमोर मी होतो. सर्व्हरला जोडून घ्यायला मुंबईहून तपासणीवाल्यांचा फोन आला. कॅन्टीन बंद व्हायची वेळ झालेली. मी आरएसए नावाच्या जुन्या प्रकारच्या किल्लीचा ठसा वाचला, प्रकार न सांगता, आणि जेवायला गेलो. त्यांच्या नव्या लॅपटॉपने नव्या प्रकारची किल्ली मागितली. ठसा जुळेना. मध्ये कोणीतरी खोटं मशीन बसवलंय असं समजून त्यांनी कारखान्याची जोडणीच तोडली. मालाचे ट्रक गेटवर अडकून पडले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"साहेब, किल्ल्या त्याच हायत," जगन म्हणाला. "यानं कंचा ठसा वाचला, तेवढं विचारा."

"तिन्ही वाचले," मी म्हणालो. साहेबांनी तपासणीवाल्यांना विचारून पाहिलंच नाही.

तिन्ही वाचूनही जुळला नाही, म्हणजे किल्ली बदलली गेली होती आणि नंतर पुन्हा जागेवर ठेवली होती, असा त्याचा अर्थ झाला. किल्ल्यांना हात लावायची मुभा एकट्या जगनला, तीही घरूनसुद्धा. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर मी कदाचित कबुली दिली असती. त्याला गोडाऊनवर टाकलं. थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली. त्याची खुर्ची मला मिळाली.

निवृत्त झाल्यावर एकदा नवापूरला गेलो. मनात वाक्य तयार होतं. त्याने कोळंबीचं कालवण खाऊ घातलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. कारखान्याचं नावही काढलं नाही. निघताना रिक्षापर्यंत सोडायला आला, सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "कायतरी बोलायचं होतं ना तुला?"

रिक्षात माणसं दाटीने बसली होती. "पुढच्या खेपेला," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला गेलो तो त्याच्या दहाव्याला. त्याच्या मुलीने विचारलं, "काका, बाबांनी खरंच किल्ली बदललेली काय?" तिला मी "नाही" म्हणालो. एवढंच.

जगन, मी एकच ठसा वाचला होता. मला माफ कर.