पिकअपमधली पालखी

आमच्या ह्यांना स्वतःचं गाव आठवलं ते बहारीनला आल्यावर. मुंबईत कुणी "गाव कुठलं?" विचारलं की "तसे आम्ही मुंबईचेच" म्हणून विषय बदलणारा हा माणूस. बँकेत अकाउंटंट म्हणून इथे आला आणि बघता बघता पक्का गावकरी झाला. कारण उघड होतं. मुंबईत ह्यांना कुत्रं विचारत नव्हतं. इथे सलमाबादच्या वर्कशॉपांमध्ये ह्यांच्या रत्नागिरीकडच्या गावची खंडीभर पोरं होती आणि त्यांच्या लेखी हे 'बँकेतले सायब' होते. मी पुण्याची. गावकी म्हणजे काय प्रकरण असतं ते मला लग्नानंतर, आणि तेही बहारीनमध्ये कळलं.

ही पोरं एका खोलीत दाटीवाटीनं राहायची, एका पातेल्यातलं जेवायची, एका बाथरूमसमोर रांग लावायची. पण शुक्रवारी सुट्टीला गावकीची बैठक बसली की कोण कुठे बसणार यावरच अर्धी सकाळ जायची. खाटेवर मानकरी, खाली बाकीचे. पुढारी होता एका वर्कशॉपचा फोरमन. देवीच्या पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान गावात त्याच्या घराण्याचा. आठवडाभर तो मॅनेजरच्या शिव्या खालमानेनं ऐकायचा आणि त्याचं उट्टं शुक्रवारी गावकीवर काढायचा.

गावची देवी वर्षभर देवळात असते आणि शिमग्यात पालखीत बसून दारोदार जाते. लोकांनी देवीला भेटायचं ते एरवी. शिमग्यात देवीच भेटायला येते. बायका ओटी भरतात, पुरुष पालखी नाचवतात. नियम दोन. एकदा खांद्यावर चढलेली पालखी जमिनीला टेकवायची नाही, दारात पाट मांडला असेल त्यावरच उतरवायची. आणि चालता चालता पालखी कधी कधी जड होते, जागची हलत नाही. मग देवीचं काही राहिलंय असं समजून गाऱ्हाणं घालायचं. शिमग्याला रजा मिळेना, म्हणून ऐंशीनंतरच्या एका वर्षी पोरांनी ठरवलं की पालखी इथेच काढायची.

पालखी तयार झाली मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्यांची. लाल रंगाचे दोन हात देऊनही एका बाजूला इंग्रजीत छापलेलं 'धिस साइड अप' आणि वर जाणारा बाण दिसत राहिला. आत देवीचा फोटो, नारळ, झेंडूची प्लास्टिकची माळ. रस्त्यावर मिरवणूक काढायची सोय नव्हतीच. तेव्हा पालखी पिकअपमधून न्यायची, वर ताडपत्री, ढोल फक्त बंद दाराआड, आणि तोही बिस्किटांच्या डब्याचा.

प्रश्न पिकअपचा होता. गाडी आणि लायसन असलेला गाववाला एकच, आणि तो वाळीत टाकलेला.

त्याच्या बापानं कधीकाळी आपल्या अंगणाला दगडी गडगा घातला होता. त्या गडग्यामुळे पालखी नेणाऱ्यांना तिथून अंग चोरून जावं लागायचं. तेवढ्यावरून घर वाळीत. त्यांच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही, प्यायला तर तोही वाळीत. आणि पालखी त्यांच्या दारावरून पुढे जाणार, दारात थांबणार नाही. बाप गेला, गडगाही एका पावसाळ्यात ढासळला, पण वाळीत टाकणं काही ढासळलं नाही. त्याची म्हातारी आई दर शिमग्याला अंगण सारवून पाट मांडायची आणि पालखी पुढे गेली की पाट उचलून आत न्यायची.

"तो वाळीत आहे," फोरमननं बैठकीत निवाडा दिला, "त्याची गाडी नाय." पण दुसरी गाडी मिळेना, तेव्हा निवाडा सुधारला: गाडी घ्यायची, पालखी मात्र त्याच्या दारात थांबवायची नाही. आमच्या ह्यांनी दोन्ही निवाड्यांना मान डोलावली. बँकेतला माणूस, पटलं असेल.

हा गाडीवाला ड्रायव्हर पालखीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आला. आम्ही बाब अल बहारीनच्या कमानीमागे एका कापडदुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तो नेहमीप्रमाणे दारातच उभा. मला म्हणाला, "वैनी, गाडी देतांव. पन आमच्या खोलीवर पालखी आनाल का, सायबांना इचारा ना. बायकोनं पाट घेतलाय नवा." त्याची बायको एका दवाखान्यात झाडलोट करायची, म्हणून दोघं सनाबिसला एका खोलीत राहत होती. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "त्यात मी पडणार नाही. गावचा निर्णय आहे." गाव दीड हजार मैलांवर आणि निर्णय माझ्या स्वयंपाकघरात.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी टाय-पँटला रजा देऊन धोतर नेसलं. आम्ही सलमाबादला पोहोचलो आणि पिकअप तिथून निघाली. माणसं सगळी मागे, ताडपत्रीखाली, पालखी धरून. पुढे ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी, कारण वाळीतल्याला चिकटून बसणार कोण? मी बसले. हे डोळे वटारायला लागले तशी म्हटलं, "त्याचं पाणी पीत नाहीये मी, सीटवर बसतेय."

आमच्या बिल्डिंगमध्ये पालखी लिफ्टमध्ये मावेना. शेवटी तिरपी करून उभी घातली, 'धिस साइड अप'चा बाण भिंतीकडे, आणि लिफ्ट वर जाईपर्यंत फोरमन देवीची माफी मागत होता. मी ओटी भरली. ड्रायव्हर खाली गाडीपाशी. मग पुढचं घर, त्याच्या पुढचं घर. प्रत्येक ठिकाणी तो गाडी अशी अलगद थांबवायचा की नारळसुद्धा हलू नये, आणि प्रत्येक ठिकाणी खालीच थांबायचा. मला इतकी चीड आली होती की मी वाटेत त्याला दोनदा म्हटलं, "तुम्ही गाडी नाही म्हणायला हवं होतं." तो म्हणाला, "देवीला कसं नाय म्हनू?"

सगळी घरं झाली आणि आम्ही परत सलमाबादकडे निघालो. सनाबिस वाटेवरच. एका गल्लीत त्यानं गाडी वळवली, एका निळ्या दारासमोर उभी केली, किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. दारापुढे रांगोळी होती. पाट होता. त्याची बायको ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी.

मागून ताडपत्री उचलून फोरमन ओरडला, "काय रं, काय झालं? यल्ला, चालव!"

"दादा, देवी जड झाली," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी हलत नाय."

"किल्ली तुझ्या खिशात हाय!"

"व्हय. पन देवी जड झाली."

पालखी जड होते हे त्यानंच आयुष्यभर गावाला सांगितलेलं. तो पालखीसकट खाली उतरला, त्याच्यामागे बाकीचे. चालत निघावं तर मिरवणूक होते, खाली ठेवावी तर नियम मोडतो, आणि पाट एकच, तोही वाळीतल्याचा. मग भर गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. कुणी गडग्याचं काढलं, कुणी त्याच्या बापाचं. त्याची बायको ताट घेऊन तशीच उभी, चेहरा पांढराफटक. मला हसू येत होतं, पण तिच्याकडे पाहून ते दाबलं.

तेवढ्यात पोलिसाची जीप आली.

पोलिसानं लाल खोकं पाहिलं, धोतरातले आमचे हे पाहिले, आणि अरबीत काहीतरी विचारलं. अरबी नीट येत होती ती फक्त ड्रायव्हरला. तो फोरमनला म्हणाला, "इचारतोय, घर कुनाचं, आनि तुमी कोन."

आता काय सांगणार? घर वाळीतल्याचं आणि आम्ही वाळीत टाकणारे, याला अरबीत शब्द असेल तरी फोरमनला येत नव्हता. त्यानं घाम पुसला, ड्रायव्हरच्या गळ्यात हात टाकला, आणि सगळ्या गावकीसमोर म्हणाला, "सदीक! माय सदीक! सदीकचं घर!"

मित्राचं घर आहे तर रस्त्यात कशाला उभे? पोलिसानं दाराकडे बोट केलं. "यल्ला!"

आणि पालखी आत गेली. इतकी वर्षं जे गाऱ्हाण्यांनी झालं नव्हतं ते एका पोलिसाच्या बोटानं झालं. पाट आत घेतला, पालखी टेकली, पोलीस जाईपर्यंत दार लावलं. ड्रायव्हरच्या बायकोनं ओटी भरली. घाईत तांदूळ निम्मे जमिनीवर. मग तिनं तांब्याभर पाणी आणि पेले आणले. सगळ्यांचे घसे भांडून कोरडे पडलेले. सगळे फोरमनकडे बघायला लागले. त्यानं छताकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. मग सगळे प्यायले. आमचे हे दोन पेले प्यायले.

पाणी पोटात गेल्यावर अक्कल आली. फोरमननं पालखीतला नारळ मध्ये ठेवला. "इथलं इथंच राहील. गावात कळता नये, न्हायतर आपन समदे वाळीत." एकेकानं नारळावर हात ठेवून शपथ घेतली. ड्रायव्हरची बायको हे ऐकत कोपऱ्यात उभी होती. हळूच मला म्हणाली, "म्हंजे तिकडं सासूबाईंच्या दारात न्हायच का?" मला संताप आला तो आजतागायत गेलेला नाही. देवी चोरून घरात आणायची आणि चोरून न्यायची, ही कसली भेट?

शपथ पुरुषांनी घेतली. आम्हा बायकांना कुणी विचारलं नाही. गावकीत बायकांना कधी काही विचारत नाहीत. आणि ते बरंच आहे.

मे महिन्यात मी गावी गेले. सासरच्या ओटीवर आळीतल्या बायकांबरोबर फणसाचे गरे काढत बसले होते. तेलाचा हात पुसत म्हटलं, "आणि बरं का, पाणी काय गोड होतं त्यांच्याकडचं. सगळ्यांनी मागून मागून घेतलं." कोणाकोणाच्या मुलांनी, तेही सांगितलं. दिवेलागणीपर्यंत खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंत बातमी गेली होती.

गावकी देवळात बसली. नियमानं बघायचं तर गावातली निम्मी घरं वाळीत टाकायची होती, त्यात गावकीचे प्रमुख असलेल्या गावकारांचा स्वतःचा मुलगा. टाकायचं म्हटलं तर टाकणारेच उरेनात. शेवटी देवीचीच इच्छा होती असं ठरलं आणि ते घर वाळीतून सुटलं. देवी बिचारी, तिच्या नावावर काहीही खपतं.

हे माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. घरात फार शांतता होती, चांगला महिना गेला.

पुढच्या शिमग्याला ड्रायव्हरला रजा मिळाली. फोरमनही गेला होता, मान होता ना. परत आल्यावर शुक्रवारी ड्रायव्हर आमच्याकडे आला. दारात थांबला नाही. आत येऊन खुर्चीवर बसला आणि ह्यांच्यादेखत सांगायला लागला.

पालखी म्हातारीच्या अंगणात आली. पुढच्या दांडीला फोरमन. पण अंगणात पाट नव्हता. म्हातारी दारात उभी, नुसती बघतेय. मग ती आत गेली. सावकाश केरसुणी घेऊन आली, अंगण झाडलं. शेणाची बादली आणली, पाटापुरती जागा सारवली. ती वाळायची वाट बघत पायरीवर बसली. पालखी खांद्यावर, खाली ठेवता येत नाही. फोरमन दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. तो म्हणाला, "आये, पाट आन गं, खांदा गेला."

"मग आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं चहाचा कप खाली ठेवला. "म्हनाली, इतकी वरसं मी उभी हुते. वाईच तू ऱ्हा."